जिना चढू का?

अँजिओप्लास्टी होऊन घरी आले तेव्हा माझ्याबरोबर एक जाडजूड फाइल होती. अँजिओग्राफीची सीडी, टू-डी एकोचा रिपोर्ट, रक्ताच्या तपासण्या आणि डिस्चार्ज कार्ड. कार्डावर लिहिलं होतं: एलएडी धमनीमध्ये ९० टक्के ब्लॉकेज, एक स्टेंट, ईएफ ४५ टक्के. त्याखाली गोळ्यांची यादी आणि शेवटी एक ओळ: तेल-मीठ कमी, हलका व्यायाम, ताण टाळा. हॉस्पिटलमध्ये माझा जीव वाचला. तिथल्या प्रत्येकाची मी ऋणी आहे. पण आमच्या इमारतीच्या दारात रिक्षा थांबली आणि पहिलाच प्रश्न समोर उभा राहिला. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना चढू का?

चढले. एकेक पायरी, कठड्याला धरून. मागून आमचे हे हातात प्लास्टिकची खुर्ची घेऊन. प्रत्येक वळणावर ते खुर्ची टेकवायचे, मी बसायचे, मनगटावर बोटं ठेवून नाडी बघायचे. वर पोचले तेव्हा दम लागला होता. तो जिन्याचा होता, भीतीचा होता की हृदयाचा, हे काही केल्या कळेना. पुढे कितीतरी दिवस हेच चाललं. पाण्याची बादली उचलू का? कणीक मळू का? डाव्या कुशीवर झोपलं तर स्टेंट सरकेल का? जोरात खोकला आला तर? रात्री सामसूम झाली की कानात ठोके ऐकू यायचे. एखादा चुकल्यासारखा वाटला की मी उठून बसायचे. अंघोळीला जाताना आतून कडी लावायची हिंमत होत नव्हती.

भेटायला येणारा प्रत्येक जण काही ना काही सांगून जाई. जाऊबाई म्हणाल्या, महिनाभर पलंगावरून हलायचं नाही. भाचा म्हणाला, मावशी, रोज पाच किलोमीटर चालायला लाग. कुणी लसणाच्या पाकळ्या सांगितल्या, कुणी अर्जुनाची साल, कुणी रोज सकाळी दुधी भोपळ्याचा रस. सगळे मायेने सांगत होते, त्यामुळे कुणाचं मन मोडवत नव्हतं. आणि कुणाचं खरं धरावं, हे ठरवायला माझ्यापाशी काही साधन नव्हतं. पुढच्या तपासणीपर्यंत थांबायचं आणि तोवर घाबरत राहायचं, एवढंच हातात होतं.

आमच्या सोसायटीत बायपास झालेले एक काका आहेत. ते एके संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, शनिवारी आमच्या मंडळींत चला. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, त्यांची चिठ्ठी आणि एकोचा रिपोर्ट बरोबर ठेवा. बाकी काही लागत नाही." मंडळी म्हणजे नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या बाजूला एका साध्या सभागृहात जमणारा हृदयरुग्णांचा गट. निवृत्त फिजिशियन, एक फिजिओथेरपिस्ट, महिन्यातून एकदा येणाऱ्या आहारतज्ज्ञ आणि पूर्वी याच वाटेने गेलेले रुग्ण, असे सगळे मिळून तो चालवतात. आठवड्यात ठरलेल्या दिवशी देखरेखीखाली व्यायाम आणि शनिवारी एखादा विषय शिकवून नंतर गप्पा.

पहिल्या दिवशी मी पार गांगरले. एका टेबलावर रक्तदाबाचं यंत्र, दुसऱ्यावर नोंदवही, कोपऱ्यात वजनकाटा, भिंतीवर आकड्यांचा एक उभा तक्ता, जमिनीवर चिकटपट्टीने आखलेली लांब रेघ आणि तिच्या दोन्ही टोकांना केशरी शंकू. कुणी हात फिरवत होतं, कुणी जागच्या जागी पावलं टाकत होतं, आणि सगळे चक्क बोलत, हसत होते. नमस्कार होतो न होतो तोच एका आजोबांनी विचारलं, "ताई, ईएफ किती?" शेजारच्या बाईंनी विचारलं, "बीटा ब्लॉकर कुठला?" तिसरे गृहस्थ म्हणाले, "एलएडी का? माझंही तेच." सासरी पहिल्यांदाच स्वयंपाकघरात शिरलेल्या सुनेला कुठल्या डब्यात काय आहे ते ठाऊक नसावं आणि घरातल्या सगळ्यांनी मात्र डोळे मिटून हात घालावा, तसं मला झालं. मी फाइल छातीशी धरून उभी राहिले.

फिजिओ मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मला बाजूला बसवलं आणि रिपोर्ट उघडला. "काकू, या ४५ची भीती वाटतेय ना?" मला ती वाटतच होती. शंभरातले पंचावन्न गेले, हेच माझ्या डोक्यात होतं. त्यांनी कागदावर हृदयाचा डावा कप्पा काढला. प्रत्येक ठोक्याला हा कप्पा त्यातलं सगळं रक्त बाहेर टाकतच नाही. निरोगी माणसाचाही साधारण ५५ ते ७० टक्केच टाकतो. तुमचा ४५ टाकतोय, हाच तुमचा ईएफ. थोडा अशक्त झालाय, पण काम करतोय, आणि औषध नि व्यायाम मिळाला तर तो सुधारूही शकतो. एवढं सांगायला त्यांना पाच मिनिटंही लागली नसतील. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी सलग झोपले.

मग त्या रेघेचा अर्थ कळला. दोन शंकूंमधलं अंतर ३० मीटर. सहा मिनिटांत त्या रेघेवर ये-जा करत जितकं जमेल तितकं चालायचं, दम लागला तर थांबायचं, बरं वाटलं की पुन्हा चालायचं. आधी आणि नंतर नाडी, रक्तदाब आणि बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावून ऑक्सिजन बघायचा. किती मीटर झाले ते वहीत लिहायचं. मी निघाले ती पावलं मोजत, श्वास मोजत. मॅडम शेजारून चालत नव्हत्या. मागे एका बाजूला उभ्या राहून मधूनमधून फक्त सांगत होत्या, "छान चाललंय, अजून चार मिनिटं." शेजारून चाललं तर रुग्ण त्यांच्या वेगाने चालायला लागतो, म्हणून तसं करायचं नसतं, हे मला मागाहून समजलं. थांबले तेव्हा कपाळावर घाम होता, पण छातीत काही नव्हतं. डॉक्टर आणि मशिन समोर असताना मी दमले आणि काही झालं नाही, ही गोष्ट माझ्या शरीराला पहिल्यांदा समजली.

भिंतीवरचा तक्ता मात्र आणखी कोड्यात टाकणारा होता. तो ६ला सुरू होऊन २०ला संपत होता. शून्य नाही, दहा नाहीत, सहापासून वीस! स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तो बनवला. आपल्याला किती श्रम वाटताहेत ते आपणच आकड्यात सांगायचं. सहा म्हणजे स्वस्थ बसलोय, वीस म्हणजे आता एक पाऊलही टाकवत नाही. निरोगी माणसाच्या बाबतीत त्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडीचा वेग मिळतो, म्हणून सुरुवात सहापासून. आमच्यापैकी बहुतेकांना नाडी सावकाश ठेवणारी बीटा ब्लॉकर गोळी चालू असते. त्यामुळे फक्त नाडी बघून श्रमांचा अंदाज चुकू शकतो आणि आपली जाणीवच जास्त उपयोगी पडते. मला सांगितलं गेलं की ११ ते १३च्या मध्ये राहा. १३ म्हणजे थोडं जड वाटतंय, पण शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता येतंय. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. आणि छातीत, जबड्यात, पाठीत किंवा हातात दुखलं, गरगरलं, तर लगेच थांबून सांगायचं.

जिन्याचं उत्तरही तिथेच मिळालं. एक मजला चढा, वर पोचल्यावर स्वतःला आकडा विचारा. तेरा आला तर ठीक, पंधरा आला तर मधे थांबा. खुर्ची नको, कठडा पुरे. पुढच्या शनिवारी मी यांना खुर्ची घरीच ठेवायला सांगितली.

शनिवारच्या वर्गांमध्ये मी जे शिकले ते बरंचसं डिस्चार्ज कार्डावर होतंच, पण नुसत्या नावांच्या रूपात. गोळ्यांच्या वर्गाला प्रत्येकाने आपापली डबी आणायची होती. डॉक्टर एकेक गोळी हातात घेऊन विचारायचे, ही कशासाठी? निम्म्या जणांना सांगता येईना. मग त्यांनी सांगितलं. अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीची दुसरी गोळी स्टेंटमध्ये गुठळी होऊ देत नाहीत. ही जोडी सहसा वर्षभर चालते आणि दात काढायचा असो की आणखी काही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही. स्टॅटिन कोलेस्टेरॉलचा आकडा चांगला आला म्हणून सोडायची नाही, कारण तो आकडा तिच्यामुळेच चांगला आलेला असतो. रॅमिप्रिलने कुणाकुणाला कोरडा खोकला होतो. तेव्हा गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगायचं, ते बदलून देतात. मग त्यांनी विचारलं, "चतुर्थीला, नवरात्रात गोळ्या कोण घेत नाही?" बरेच हात वर गेले. "देवाला उपास चालतो," ते म्हणाले, "स्टेंटला चालत नाही. उपास करायचा की नाही आणि कसा, ते विचारून ठरवा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र चुकवू नका."

जिभेखालच्या गोळीचा तर सराव घेतला. सॉर्बिट्रेट कुठे ठेवली आहे? माझी कपाटात होती, कुलूप लावलेल्या कपाटात. ती आता पर्समध्ये आणि एक पट्टी उशाशी असते. दुखायला लागलं तर आधी बसायचं, कारण गोळीने रक्तदाब उतरतो आणि उभा माणूस चक्कर येऊन पडू शकतो. बसून गोळी जिभेखाली ठेवायची. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही किंवा वाढलं तर १०८ला फोन लावायचा. स्कूटरवर मागे बसून दवाखान्यात निघायचं नाही. लैंगिक क्षमता वाढवणारी गोळी घेतलेल्या माणसाने ही गोळी घेतली तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो, हेही डॉक्टरांनी सरळ, स्वच्छ शब्दांत सांगितलं. आमच्या पिढीला असं काही चारचौघांत ऐकायची सवय नाही. पुरुष खाली बघत होते. पण नंतर दोघंतिघं डॉक्टरांना बाजूला घेऊन बराच वेळ बोलताना दिसले. घरात नवरा-बायकोला एकमेकांना विचारता येत नाही असे प्रश्न तिथे विचारता येतात. दोन मजले दम न लागता, छातीत न दुखता चढता येत असतील तर संसारातल्या बहुतेक गोष्टी पुन्हा सुरू करायला हरकत नसते, हे ऐकून कितीतरी चेहऱ्यांवरचा ताण उतरला.

मिठाचा वर्ग माझ्या कायम लक्षात राहील. आहारतज्ज्ञ ताईंनी घरचा मिठाचा डबा आणि नेहमीचा चमचा घेऊन बोलावलं होतं. प्रत्येकाने बशीत दिवसभराचं मीठ काढायचं: भाजीचं, आमटीचं, कणकेतलं, भातातलं, ताकातलं, वरून घेतलेलं. मग ताईंनी प्रत्येकाची बशी वजनकाट्यावर ठेवली. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा सपाट. आमच्यापैकी बहुतेकांच्या बशा त्याच्या वर. ताई म्हणाल्या, "बशीवर विश्वास नसेल तर वाण्याच्या यादीवर ठेवा. चौघांच्या घरात किलोचा पुडा महिन्याला संपत असेल, तर माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर गेलं. आणि यात पापड, लोणचं, फरसाण, खारी, पाव धरलेलेच नाहीत." मी घरी जाऊन पुडा आणल्याची तारीख त्याच्यावरच लिहायला सुरुवात केली. मिसळ आमच्या नाशिकचा जीव की प्राण. ती आजन्म सोडा, असं ताईंनी कुणालाच सांगितलं नाही. फरसाण मूठभर, कट कमी, मटकी भरपूर आणि तीही कधीतरी, अशी वाट त्यांनी काढून दिली. दुधीच्या रसाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, कडू लागला तर घोटभरही पिऊ नका, कडू दुधी विषारी असू शकतो. मीठ कमी करण्यासाठी मिळणारं पोटॅशियमचं मीठ मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आणि काही रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय वापरू नये, हेही तिथेच कळलं.

पण या सगळ्याहून मोठं शिक्षण गप्पांच्या वर्तुळात झालं. तिथे शिकवणारे आम्हीच. ज्यांचा ईएफ बराच कमी आहे असे एक आजोबा रोज सकाळी उठून वजन करतात आणि कालनिर्णयाच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहितात. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायावर सूज आली, रात्री आडवं पडलं की दम लागायला लागला, तर अंगात पाणी साठतंय, लगेच डॉक्टर. त्यांनी ते कॅलेंडर आणून दाखवलं. एका चौकोनाभोवती लाल गोल होता. त्या दिवशी ते वेळेवर गेले आणि गोळी वाढवून घरी परतले. दिंडोरीकडची एक तरुण मुलगी येते. लहानपणी घसा सुजून ताप यायचा, त्यातून संधिवाताचा ताप झाला आणि हृदयाची झडप खराब झाली. तिला आता कृत्रिम झडप आहे. रक्त किती पातळ आहे ते सांगणारी आयएनआर तपासणी, मेथी-पालक एकदम वाढवायची नाही आणि एकदम बंदही करायची नाही, मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं, हे सगळं ती आमच्याहून चांगलं समजावते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत भारतीय बनावटीची झडप तयार झाली आणि १९९०मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली, ही गोष्ट तिनेच आम्हाला अभिमानाने सांगितली.

एका शनिवारी एक गृहस्थ बोलता बोलता रडले. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, उंचेपुरे. म्हणाले, "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, पण सकाळी उठावंसं वाटत नाही." कुणी त्यांना धीर धरा म्हटलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की हार्ट अटॅकनंतर साधारण पाचातल्या एका माणसाला खरंखुरं नैराश्य येतं. तो मनाचा दुबळेपणा नसतो, आणि त्यावर उपचार न केल्यास हृदयाचाही धोका वाढतो. मग एकेक जण बोलू लागला. एक बाई म्हणाल्या, "मी अंघोळीला कडी लावत नव्हते." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतके दिवस ही भीती माझ्या एकटीची आहे, असं मला वाटत होतं. औषधाने ती गेली नव्हती. घरच्यांनी समजावूनही गेली नव्हती. दुसऱ्या एका बाईच्या तोंडून ती ऐकली आणि तिची धार बोथट झाली.

तिथे जे पाहिलं त्याच्या ओढीने मी या विषयावर वाचायला लागले. एकेकाळी हार्ट अटॅक आलेल्या माणसाला चार ते सहा आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवत. जाऊबाईंचा सल्ला म्हणजे एका काळचं वैद्यकशास्त्रच होतं. १९५२मध्ये अमेरिकेत सॅम्युअल लिव्हाइन आणि बर्नार्ड लॉन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवलं आणि ते सुरक्षित असल्याचं मांडलं. तिथून हळूहळू चालणं, व्यायाम आणि शिक्षण उपचारात आलं. त्याच्या एकच वर्ष आधी, १९५१मध्ये, बॉस्टनला डॉ. ड्वाइट हार्केन यांच्या चार रुग्णांनी 'मेंडेड हार्ट्स' ही संस्था सुरू केली. हार्केन म्हणजे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या हृदयातून लोखंडाचे तुकडे काढणारे शल्यविशारद. हृदयाची शस्त्रक्रिया तेव्हा अगदी नवी होती. तिच्यातून वाचलेल्या माणसांनी ठरवलं की पुढच्या रुग्णाला आपण जाऊन भेटायचं. म्हणजे शनिवारी काका मला घेऊन गेले, ती रीत सत्तर वर्षांहून जुनी आहे.

१९९०मध्ये अमेरिकेतले डॉ. डीन ऑर्निश यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कमी चरबीचा शाकाहार, व्यायाम, योग आणि ध्यान यांच्या जोडीला रुग्णांच्या गटाचा आधार हाही उपचाराचाच भाग होता. आपल्याकडेही ही वाट अनोळखी नाही. गडचिरोलीत आदिवासींमध्ये काम करणारे डॉ. अभय बंग यांनी स्वतःच्या हृदयरोगावर लिहिलेलं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' आपल्याकडे घराघरांत वाचलं गेलं. स्वतः डॉक्टर असलेल्या माणसालाही रुग्ण म्हणून नव्याने शिकावं लागतं, हे वाचून मला मोठा आधार वाटला. भारतातल्या २४ केंद्रांवर ३,९५९ रुग्णांना घेऊन 'योगा-केअर' नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२०मध्ये छापून आले. एका गटाला हार्ट अटॅकनंतर योगावर आधारलेला शिक्षण-व्यायामाचा कार्यक्रम दिला, दुसऱ्या गटाला नेहमीची माहिती आणि सल्ला दिला. मृत्यू किंवा पुन्हा अटॅक यांत ठाम फरक दिसला नाही. पण कार्यक्रम केलेल्यांना आपली तब्येत अधिक बरी वाटत होती आणि ते आपल्या पूर्वीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले होते. जगभरच्या ८५ चाचण्या आणि २३ हजारांहून जास्त रुग्ण एकत्र पाहणाऱ्या २०२१च्या आढाव्यात तर व्यायामावर आधारित पुनर्वसनाने हृदयविकाराने होणारे मृत्यू, पुन्हा येणारे अटॅक आणि दवाखान्यात भरती होणं कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे आमच्या सभागृहात जे चालतं ते वेळ घालवणं नाही. तो उपचार आहे.

म्हणूनच एका गोष्टीने माझा जीव तुटतो. गटात पुरुष भरपूर, बायका थोड्या. हे आमच्याकडेच नाही, जगभर असंच दिसतं. बायकांना विचारलं तर उत्तरं ठरलेली. सकाळी डबे असतात. घेऊन यायला कुणी नसतं. घरकाम हाच आमचा व्यायाम. घरकामाने माणूस दमतो हे खरं, पण दमणं आणि ठरवून, मोजून, हळूहळू हृदयाला बळ देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय बायकांचा हार्ट अटॅक बरेचदा छातीत कळ येऊनच येतो असं नाही. दम, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, एकाएकी गळून जाणं, अशा वाटेनेही तो येतो. माझाही पाठीतूनच आला होता. ज्यांनी हे ओळखायला शिकायला हवं त्याच वर्गात नाहीत. आम्ही चौघींनी धरून बसून दुपारी चारचा बायकांचा वर्ग सुरू करून घेतला. सुनेला, लेकीला बरोबर आणा म्हणून सांगितलं. आता एका बाईबरोबर तिची सासूही येते, आणि मिठाच्या डब्यावर दोघींचं एकमत झालं आहे.

गटाने सोसायटीत सीपीआर शिकवलं तेव्हा मीही गुडघे टेकून शिकले. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाचा रक्तपुरवठा अडणं. त्यातून हृदय एकाएकी बंद पडलं आणि माणूस बेशुद्ध होऊन नीट श्वास घेईनासा झाला तर थांबायला वेळ नसतो. एकाने १०८ला फोन करायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून, कोपरं ताठ करून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटीमीटर खोल दाबत राहायचं. सरावाच्या बाहुलीच्या छातीत पुरेसं दाबलं की टक्‌ असा आवाज येतो. पहिल्यांदा माझा आवाज येईचना, इतकं जोरात दाबायचं असतं. आमचा वॉचमन, इस्त्रीवाला आणि अकरावीतली मुलं हे सगळे आता दाबू शकतात.

उपचाराच्या खर्चाचं म्हणाल, तर २०१७मध्ये सरकारने स्टेंटच्या किमती बांधल्या. औषध सोडणाऱ्या स्टेंटची कमाल किंमत तेव्हा ३० हजारांच्या आत आली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कितीतरी गरीब माणसांच्या अँजिओप्लास्टी आणि बायपास होतात. ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्र्यंबकच्या पुढच्या पाड्यावरचा माणूस स्टेंट घेऊन घरी परततो, तेव्हा मिठाची बशी, जिभेखालची गोळी आणि जिना चढायचा आकडा त्याला कोण शिकवणार? स्टेंटवर झालेला खर्च त्या शिकवणीशिवाय अर्धवट आहे, असं मला मनापासून वाटतं. 'पुनर्वसन आणि रुग्णगट' ही ओळ डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीत असली पाहिजे, रोजच्या गोळीइतक्याच स्पष्ट अक्षरात.

तुमच्या घरात कुणाला हृदयाचा त्रास झाला असेल तर सुट्टी मिळताना डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: व्यायाम कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली सुरू करू? गोळ्या कुणाकडून नीट समजून घेऊ? माझ्यासारखी माणसं कुठे भेटतील? उत्तर मिळालं नाही तर आपल्या भागात तो गट सुरू करा. त्याला लागतं ते असं: एक सभागृह, रक्तदाबाचं यंत्र, वजनकाटा, तीस मीटरची रेघ, एक फिजिओथेरपिस्ट, महिन्यातून काही तास देणारा डॉक्टर आणि नवख्या रुग्णाच्या दारावर जाऊन "चला" म्हणणारी दोन-चार जुनी माणसं. हे महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्याला परवडण्यासारखं आहे.